‘आजी, जमत नसेल तर…’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझी पत्नी बँकेच्या अ‍ॅपवरून वीजबिल भरत होती. ‘भरा’ दाबलं, पडद्यावर काहीच हललं नाही. तिने पुन्हा दाबलं. मग पैसे दोनदा जातील या धास्तीने ती मागे जायला लागली, तेवढ्यात प्रश्न आला: ‘व्यवहार रद्द करायचा आहे का?’ खाली एकाच निळ्या रंगाची, एकाच आकाराची दोन बटणं, ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. तिने अर्थातच ‘रद्द करा’ दाबलं. रद्द झाला तो प्रश्न. व्यवहार पुढे गेला आणि बिल दोनदा भरलं गेलं.

जादा पैसे पुढच्या बिलात वळते होतील. मनाला लागलं ते वेगळंच. शाखेत चौकशीला गेलो, तेव्हा काउंटरवरचा मुलगा तिला म्हणाला, ‘‘आजी, जमत नसेल तर मुलाला सांगत जा ना.’’ तो काळजीनेच बोलला. पण तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली ही बाई त्या दिवसापासून मोबाइलवरून पैसे भरायचं नाव काढत नाही.

मी भोसरीला एका कारखान्यात प्रेस शॉपचा सुपरवायझर होतो. पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर ऑपरेटरचा एक हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, असताना दुसऱ्या हाताने बटण दाबलं जायचं. ‘लक्ष देऊन काम करा’ अशा पाट्या लावून कुणाची बोटं वाचली नाहीत. दोन बटणं एकमेकांपासून लांब बसवली, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही अशी सोय केली, तेव्हा वाचली. तिसऱ्या पाळीत पहाटे चारला माणसाचं लक्ष उडणार, हे धरूनच यंत्र बांधावं लागतं. मोबाइलचा पडदा हेही यंत्रच आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचं असंच झालं होतं. विमान सुखरूप उतरायचं आणि मग धावपट्टीवर वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटण्याऐवजी चाकंच आत घ्यायचा. विमान पोटावर बसायचं, दोष वैमानिकाला लागायचा. आल्फोन्स चॅपनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे. त्याने चाकांच्या खटक्यावर छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. न बघताही हाताला फरक कळू लागला आणि तो घोटाळा थांबला. माझ्या पत्नीपुढे ती दोन निळी बटणं आली, तेव्हा मला हे खटकेच आठवले.

तिने ‘भरा’ दुसऱ्यांदा का दाबलं, याचंही उत्तर मनाच्या घडणीत आहे. यंत्राने एका सेकंदाच्या आत काही दाखवलं तर विचाराची साखळी टिकते. दहा सेकंद शांतता राहिली तर लक्ष निसटतं, शंका येते. संगणकाचे अभ्यासक १९६८ पासून हे आकडे सांगत आहेत. पहिल्यांदा दाबताच बटण फिकं पडावं आणि ‘पैसे जात आहेत, थांबा’ एवढं मराठीत उमटावं. हे काम फार मोठं नाही.

ओटीपीचंही तेच. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली माणसाच्या तात्पुरत्या स्मरणाची मर्यादा सात गोष्टी, दोन कमी किंवा दोन जास्त, अशी मांडली. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपास आणली. आणि आपण सत्तरीच्या माणसाला सहा आकडे क्षणभर दाखवून, पडदा बदलून, शेजारी उलटे सेकंद मोजत ठेवतो. आकडे पाठ करायचे की घड्याळाकडे बघायचं?

काही अ‍ॅप तर मुद्दाम फसवतात. विम्यावर आधीच टिक केलेली असते, ‘नको’ कोपऱ्यात लपवलेलं असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांना मनाई केली, हे चांगलंच झालं. पण जिथे फसवायचा हेतू नाही, नुसतं कुणी माणसाला समोर बसवून पाहिलेलं नाही, तिथलं काय?

आमच्या शॉपमध्ये ‘पोका-योके’ हा जपानी शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. चूक होऊच नये अशी रचना, असा त्याचा अर्थ. ही पद्धत रुजवणारे जपानी अभियंते शिगेओ शिंगो आधी त्याला ‘बाका-योके’ म्हणत. ‘बाका’ म्हणजे मूर्ख. एका कारखान्यात ते ऐकून एक कामगार बाई रडली, ‘मी काय मूर्ख आहे का?’ म्हणाली. १९६३ मध्ये शिंगोंनी शब्दच बदलला. काउंटरवरून परत येताना रिक्षात माझी पत्नी एक शब्द बोलली नाही, तेव्हा मला त्या बाईची आठवण झाली.

पुण्यात हिंजवडी आहे, खराडी आहे, डिझाइन शिकवणाऱ्या संस्था आहेत, आणि पेठेपेठेत, उपनगरांत ज्येष्ठ नागरिक संघही आहेत. महापालिकेने, बँकांनी, बसवाल्यांनी नवं अ‍ॅप आणण्याआधी ते या संघांत घेऊन यावं. या विषयातले जाणकार याकोब नील्सन सांगतात की एका वेळी पाच माणसंही पुरतात, फक्त पुन्हा पुन्हा चाचणी घ्यायला हवी. फोन हातात द्यायचा, एक काम सांगायचं आणि स्वतः हाताची घडी घालून गप्प बसायचं. बोट कुठे थबकतं ते लिहून घ्यायचं. ‘आजी, तिथे नाही, इथे दाबा’ म्हणायचं नाही, एवढी एकच अट.

आमच्या संघातले आम्ही सहा जण दर शनिवारी सकाळी दहा ते बारा यासाठी वेळ द्यायला तयार आहोत. पत्नीला विचारलं, तीही येते म्हणाली.

आपला,
एक निवृत्त शॉप सुपरवायझर
कोथरूड, पुणे