अथेन्सहून पत्र

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे खुशाल आहे. जेवणाची आबाळ होत नाही, आईने काळजी करू नये.

बाबा, ‘एका क्रियाविशेषणावर प्रबंध कसला लिहितोस?’ या तुमच्या प्रश्नात रागापेक्षा काळजीच अधिक आहे हे जाणून सविस्तर लिहितो. शब्द आहे ग्रीक भाषेतला ‘ताखा’. वेग दाखवणाऱ्या विशेषणापासून तो आला आणि प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात त्याचा अर्थ ‘लवकरच’ एवढाच आहे. त्याच्या इलियड या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात संतापलेला वीर अकिलीस अथीनादेवीला बजावतो, की हा ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन स्वतःच्या मग्रुरीपायी लवकरच जिवाला मुकेल. पुढे अथेन्सच्या गद्यात ‘आन’ हे छोटे अव्यय आणि क्रियापदाचे इच्छार्थी रूप यांच्या सोबतीने त्याचा ‘कदाचित’ हा अर्थ रुळला. जे चटकन घडण्याजोगे, ते ‘घडेलही’ एवढ्यावर आले. नाटकांत मात्र जुना अर्थही टिकून राहिल्याने प्रत्येक ओळ संदर्भ पाहून लावावी लागते, आणि हे रिकामटेकड्याचे काम नव्हे. बायबलच्या नव्या करारात हा शब्द दोनदाच येतो, दोन्ही वेळा पौलाच्या पत्रांत. अनेसिम नावाच्या दासाविषयी पौल त्याच्या धन्याला, फिलेमोनाला, लिहितो, की कदाचित अनेसिम काही काळ तुझ्यापासून दूर झाला तो यासाठीच, की तुला कायमचा लाभावा. आईला एवढे वाचून दाखवा.

येथील लोकांनी तर या शब्दाचे आणखी भलतेच केले आहे. आमच्या घरमालकीणबाई शेजारचा ‘ताखा’ आजारी आहे असे म्हणाल्या, तेव्हा मी विचारपूस करायला निघालो, तर त्या हसू लागल्या. आपण ‘तो म्हणे आजारी आहे’ असे ज्या सुरात म्हणतो, तोच हा सूर. आजार खोटा असे उघड म्हणायचे नाही, पण ऐकणाऱ्याने तसे समजायचे. माझ्या अभ्यासाविषयीही त्या हाच शब्द वापरतात.

धाकटीच्या साखरपुड्याला मी नव्हतो, याचे तिला वाईट वाटले असणारच. तिने पत्रात तसे लिहिले नाही, म्हणून अधिकच लागले. लग्नाचा मुहूर्त माझ्यासाठी अडवू नये. सुट्टीचा अर्ज केला आहे, मात्र मंजुरी हाती येईपर्यंत नक्की काही लिहीत नाही. माझ्यासाठी स्थळे पाहणे तूर्त थांबवावे, ही विनंती. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबल्याने या महिन्यात रक्कम कमी पाठवली आहे. ती मंगल कार्यालयाच्या आगाऊ रकमेसाठीच वापरावी, उरलेली पुढील महिन्यात दादाच्या खात्यावर जमा करतो.

आपला आज्ञाधारक