कोलारच्या खाणीबद्दल केंद्रीय खाणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय खाणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

कोलारची सोन्याची खाण पुन्हा सुरू होणार, ही बातमी परत एकदा वाचली. त्याच आठवड्यात माझ्या दिवंगत वडिलांच्या नुकसानभरपाईचा अर्ज 'पुरावा अपुरा' असा शेरा मारून एका कचेरीने परत पाठवला. म्हणून हे पत्र.

मी केजीएफची, म्हणजे कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्स या खाणगावची. बाबा तरुणपणी बेळगावहून इथे आले आणि नोकरीभर जमिनीखाली सर्व्हेचं काम करत राहिले. लाइन्समध्ये, म्हणजे कामगारांच्या चाळींत, सगळीकडे तमिळ आणि तेलुगू, मराठी फक्त आमच्या घरात.

आधी बातमीचं बोलते. जी सुरू होणार म्हणतात ती खाण नाहीच. जून २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती १३ डंपांच्या लिलावाला. खडक दळून, सायनाइडने सोनं काढून घेतल्यावर उरलेल्या भुकटीचे हे डोंगर हजारेक एकरांवर पसरलेत, सुमारे ३ कोटी ३० लाख टन. त्यात टनामागे ग्रॅमभरही सोनं नाही, पण भाव आता दहा ग्रॅमला लाखावर गेलाय, म्हणून तेही परवडतं. ठीक आहे, उपसा. पण मग त्याला डंप उपसणं म्हणा, खाण उघडणं म्हणू नका. इथली चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून जास्त खोल आहे. पंप बंद केले आणि खाली पाणी भरलं. ते पाणी काढणार की नाही, हे एकदा सरळ सांगा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणीच्या जागतिक निविदेचा मार्ग मोकळा केला, तेव्हाही म्हातारी माणसं मुलांना म्हणाली होती, थांबा, आता इथेच काम मिळेल. ती मुलं आज पहाटे मारिकुप्पम स्टेशनवर गाडीत चढतात, बंगळूरला राबून रात्री घरी येतात. डब्यात बसायला जागा मिळाली तर नशीब!

आणि डंप खणायला लागल्यावर धूळ कुठे जाणार? वारा सुटला की आजच ती भुकटी दोरीवरच्या कपड्यांवर, पाण्याच्या पिंपात, भाताच्या पातेल्यात येते. दारं लावून जेवतो आम्ही. निविदेच्या कागदांत आमच्या दारांचा विचार कुणी केलाय का?

धुळीचं मला नवं सांगायला नको. बाबांना आधी जिना चढताना दम लागायचा, मग बोलताना. क्षय म्हणून औषधं दिली गेली. ती संपली, पुन्हा दिली गेली. गुण येत नव्हता, कारण तो क्षय नव्हता, खडकाच्या धुळीने फुप्फुसं निकामी करणारा सिलिकोसिस होता. शेवटी शेवटी त्यांना आडवं होता येत नसे. उशा रचून रात्रभर बसायचे आणि आई पाठ चोळत राहायची. आईला मी रडताना फारसं पाहिलं नाही, पण तेव्हापासून ती कुणाच्या खोकल्याचा आवाज सहन करू शकत नाही. खाण कायदा, १९५२ प्रमाणे तेव्हा हा अधिसूचित रोग होता, म्हणजे आढळला की कळवणं बंधनकारक. ज्यांनी कळवायचं त्यांनी कळवलं नाही आणि आता पुरावा मी आणायचा! राजस्थानने २०१९ मध्ये अशा रुग्णांसाठी वेगळं धोरण केलं. आमच्या रोगाला तेवढीही किंमत नाही?

खाण तोट्यात होती म्हणून २८ फेब्रुवारी २००१ ला बंद केली, असं लहानपणापासून ऐकतेय. १९६२ पासून ही खाण केंद्राकडे होती. कित्येक वर्षं इथलं सोनं बाजारभावाने नाही, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कमी दराने सरकारजमा होत होतं. स्वस्तात सोनं घ्यायचं आणि वर तोट्याचा ठपका कामगारांवर ठेवायचा? या खाणीने देशाला ८०० टनांवर सोनं दिलं. शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज १९०२ मध्ये इथल्या यंत्रांसाठी आली, बंगळूरला ती १९०५ मध्ये मिळाली. १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच खाणीच्या पोटात न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपले. सगळ्यांना इथून काही ना काही मिळालं. जे खाली उतरले त्यांच्या वाट्याला एका खोलीचं घर आणि निकामी फुप्फुसं आली. कोयनेची वीज अख्ख्या महाराष्ट्राने वापरली आणि तिथले धरणग्रस्त अजून जमिनीसाठी मोर्चे काढतात, तसंच हे. सरकार कुठलंही असो, जमिनीत काय आहे याचा नकाशा त्यांच्याकडे असतो. जमिनीवर कोण राहतं याची यादी नसते!

ती यादी आधी करा. जुन्या खाणकामगारांची आणि विधवांची घरोघर नोंद घ्या, हयात असलेल्यांच्या छातीची तपासणी करा, आणि जुने कागद हरवले असतील तर ते शोधण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, विधवांनी नाही. डंपाला पहिलं फावडं लागण्याआधी धुळीचा बंदोबस्त आणि स्थानिकांच्या नोकऱ्या करारात लिहा. हे झाल्याशिवाय लिलाव करू नका.

आणि मला उत्तर लेखी हवं आहे, तारखेसह.

आपली,
चॅम्पियन रीफच्या एका खाणकामगाराची मुलगी