हजेरीची सरासरी फसवी

संपादक महोदय,
सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलांची नावे पटावर आली. ती रोज वर्गात दिसणे हे काम मात्र अजून चालूच आहे.

चाळीसच्या वर्गात रोज ३६ हजर, म्हणजे ९० टक्के; मुख्याध्यापक खूश. पण गैरहजर चौघे रोज तेच की वेगळे, हे त्या आकड्यात दिसत नाही. हजेरीपट आडवा, एकेका मुलाची ओळ धरून वाचावा लागतो. सहावी ते आठवीला कायद्याने वर्षाला किमान २२० दिवस शाळा. महिन्याला दोन-तीन दांड्या डोळ्यांत येत नाहीत, वर्षाअखेर महिनाभराचा अभ्यास बुडालेला असतो. म्हणून महिन्यातली दुसरी दांडी पडली की त्याच दिवशी, दुसऱ्या तासाआधी घरी फोन जावा. दरडावणी नको, "आज दिसला नाही, बरा आहे ना?" एवढे पुरे. आठवड्याने दिलेली चिठ्ठी दप्तरातच जिरते.

नवरात्रात गरब्याहून उशिरा परतलेली मुले सकाळी दहा मिनिटे मागे पडतात. तेव्हा फाटक लावले की उशिराची गैरहजेरी होते! आत घ्यावे, उशिराचा शेरा मारावा.

दंगेखोराला वर्गाबाहेर उभे करणे तर आयती सुटका. मधली सुट्टी संपताना शिक्षक घंटेआधी दारात हवेत, फळ्यावर उदाहरण तयार हवे. आणि त्या मुलाकडून एकट्याने एक परिच्छेद वाचून घ्यावा. बरेचदा अडचण तिथेच सापडते.

– काही निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार, वडोदरा