मुखवट्यामागची भूक

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. ठरावीक साच्यातली पात्रे नटाला जखडून टाकतात, म्हणून ‘कॉमेदिया देल्लार्ते’ला, म्हणजे इटलीतल्या मुखवटाधारी नटांच्या जुन्या उत्स्फूर्त नाट्यप्रकाराला, नाट्यशिबिरात जागा देणार नाही, असे तू लिहितोस. मला ते मुळीच पटलेले नाही, आणि का पटले नाही हे सविस्तर लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

ही मंडळी पोटासाठी नाटक करणारी होती, हे प्रथम ध्यानात घे. 1545 मध्ये पादुआ येथे काही नटांनी नाटकमंडळी काढण्याचा लेखी करार केला. सोबती आजारी पडला तर सामाईक पैशातून त्याला मदत करावी आणि सामान वाहायला सर्वांनी मिळून घोडा घ्यावा, अशी कलमे त्यात आहेत. त्यांच्या खेळाला लिहून काढलेली संहिता नसे. प्रसंगांचा त्रोटक आराखडा तेवढा ठरलेला असे आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचत. फ्लामिनिओ स्काला या नटाने 1611 मध्ये असे 50 आराखडे छापले. ते वाचताना कथानकापेक्षा नटाला मोकळी सोडलेली जागाच अधिक जाणवते.

एवढी मोकळीक पेलायची तर पात्र पक्के असावेच लागते. व्हेनिसचा कंजूष म्हातारा व्यापारी पांतालोने, बोलोन्याचा पोकळ पंडित दोत्तोरे, बढाया मारून ऐन वेळी पळ काढणारा कपितानो आणि बेर्गामोच्या डोंगराळ मुलखातून कामासाठी उतरलेले अर्लेक्किनोसारखे भुकेले नोकर, या प्रत्येकाची बोली, चाल आणि हाव ठरलेली असे. त्यामुळे समोरचा काय बोलेल हे ठाऊक नसले, तरी त्याला काय हवे आहे हे नटाला पक्के ठाऊक असे, आणि उत्स्फूर्त संवाद त्या आधारावर उभा राहतो. चामड्याचा अर्धा मुखवटा भुवया आणि गाल झाकतो, ओठ आणि हनुवटी मात्र उघडी ठेवतो. मग आश्चर्य मानेने दाखवावे लागते आणि लोभ पाठीच्या कण्याने. प्रेमिकांना मुखवटा नसे. त्यांतल्या नायिकेच्या भूमिका इसाबेला आंद्रेइनीसारख्या स्त्रिया करीत, तेही इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर मुलगेच स्त्रीपात्रे करीत होते त्या काळात. या गोष्टीचे मला फार मोल वाटते.

तुझा आक्षेप खरे तर अठराव्या शतकातला व्हेनिसचा नाटककार कार्लो गोल्दोनी याचाच आहे. मुखवट्याने नटाच्या भावना दडपल्या जातात असे त्याचे मत होते, आणि त्याने हळूहळू मुखवटे बाजूला सारून लिखित नाटक रूढ केले. तरीही ‘दोन धन्यांचा नोकर’ हे त्याचे आज जगभर होणारे नाटक त्याने 1745 च्या सुमारास अंतोनिओ साक्की या मुखवट्याच्या नटासाठीच रचले. आधी आराखडा होता, संवाद नंतर लिहून काढले. त्यातला एक प्रसंग मुद्दाम वाच. एका धन्याचे पत्र दुसऱ्या धन्याने उघडले आहे आणि ते पुन्हा चिकटवायला नोकर पाव चावून त्याचा लगदा करतो आहे. पण पोटात दिवसभराची भूक आहे. तोंडात गेलेला घास कागदापर्यंत येण्याआधीच गिळला जातो. तो पुन्हा चावतो, पुन्हा गिळतो. साच्यातले पात्र म्हणतोस ते हेच, आणि मला तरी त्यात एक अख्खा माणूस दिसतो. दिग्दर्शक जॉर्जो स्ट्रेलर यांनी 1947 मध्ये मिलानला हे नाटक पुन्हा उभे केले आणि मार्चेल्लो मोरेत्ती या नटाने त्यातला नोकर साकारला, तेव्हा साक्कीनंतर दोनशे वर्षांनीही प्रेक्षक त्या भुकेला हसले.

फ्रान्समधला धागा तर आपल्या दारापर्यंत येतो. 1658 मध्ये फ्रेंच नाटककार आणि नट मोलिएर पॅरिसला आला तेव्हा त्याला पेती-बूर्बोंचे नाट्यगृह इटालियन नटांबरोबर वाटून घ्यावे लागले. स्कारामूश या साच्यातल्या पात्रामुळे गाजलेला तिबेरिओ फिओरिल्ली त्या मंडळीचा प्रमुख होता. मोलिएरचा कंजूष आर्पागोँ पांतालोनेच्याच कुळातला आहे, यात मला शंका नाही. त्याच नाट्यगृहात 1660 मध्ये मोलिएरने ‘स्गानारेल’ केले. तरुणी चक्कर येऊन पडते, प्रियकराची तसबीर तिच्या हातून गळते, संशयी नवरा तिला सावरायला धावतो, त्याची बायको ते पाहते आणि तसबीर नेमकी तिच्याच हाती लागते. पुढे आर्थर मर्फीने त्यावरून इंग्रजी नाटक रचले, मर्फीवरून आपल्या गोविंद बल्लाळ देवलांनी, आणि 1916 मध्ये ‘संशयकल्लोळ’ संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आले. फाल्गुनरावाला आपण अस्सल मराठी माणूस समजतो, आणि देवलांच्या भाषेमुळे तो आहेच. पण बायकोवर पहारा ठेवताना स्वतःच फजित होणारा नवरा त्याच्या कितीतरी आधी इटलीच्या चौकाचौकांत लोकांना हसवत होता.

म्हणून माझे ऐक, शिबिरात दोन दिवस यासाठी राखून ठेव. मुलांकडून तसबिरीचा प्रसंग आधी देवलांच्या संवादांसह करून घे. मग संहिता काढून घे, अर्धे मुखवटे चढव आणि फाल्गुनरावाला काय हवे आहे एवढेच सांगून तोच प्रसंग त्यांना पुन्हा करू दे. मुखवट्यांचा खर्च मी उचलतो. किती मुले आहेत तेवढे उलट टपाली कळव.

तुझा,
माधव