थंड झालेल्या त्या चहासाठी

आदरणीय काका,
सविनय नमस्कार.

गुलमर्गचा हंगाम संपवून मी गेल्या आठवड्यात कोल्हापूरला परतले. सामान उपसताना लोकरी मोज्यांच्या घडीत नोकरी घेण्याआधी विचारायचे प्रश्न आपण लिहून दिलेला कॅलेंडरचा कागद सापडला, आणि चार महिने मनात राहिलेले आभार आता लिहायलाच हवेत असे वाटले.

हॉटेल मॅनेजमेंटची पदविका हाती होती आणि बर्फात एक हंगाम काम करण्याची जिद्दही होती. पण कोणती नोकरी घ्यावी हे सांगणारे कोणी नव्हते. नोकरी मिळवून देणाऱ्या एका कार्यालयाने नोंदणीचे पैसे घेतले, आणि राहण्याचे काय, असे विचारल्यावर "तिकडे गेल्यावर होते सगळे" एवढेच उत्तर दिले. नातेवाइकांनी "मुलीच्या जातीने एवढ्या लांब कशाला" म्हणून विषय मिटवला. काळजी सगळ्यांनाच होती, पण माझ्याजवळ अर्धा तास बसायला कोणाला वेळ नव्हता, हे आजही मनाला लागते.

सैनिक टाकळीला आपल्या घरी आले तेव्हा आपली माझी ओळखही नव्हती. मराठा लाइट इन्फंट्रीत असताना आपण गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये प्रशिक्षण घेतले होते, एवढेच वडिलांना ठाऊक होते. माझ्याकडे दोन नोकऱ्या होत्या. एकीचा पगार तीन हजारांनी जास्त, पण राहायचे 13 किलोमीटर खाली तंगमर्गला. दुसरीत पगार कमी, पण राहणे-जेवण हॉटेलातच. मी अर्थातच पगाराकडे बघत होते. आपण म्हणालात, "पोरी, पगार मागनं इचार. झोपणार कुठं आणि बर्फ पडलाच न्हाई तर काय, ते आधी इचार." बर्फ पडला की त्या घाटात चाकांना साखळ्या बांधल्याशिवाय गाडी चढत नाही, मग रात्रपाळी संपवून एकटी मुलगी खाली कशी जाणार, हे मला कोणीच विचारले नव्हते. मग आपण नातवाचा खडू घेऊन कोब्यावर आठ बाय दहाची खोली आखलीत, तीत चार खाटा आणि बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवणारी शेगडी, काढलीत आणि खिडकीच्या जागी बोट ठेवून सांगितलेत की शेगडी पेटती असेल तर ही फट उघडी राहिलीच पाहिजे, कारण कोळशाचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

पण मला सर्वांत जास्त आठवते ते त्यानंतरचे. हॉटेलच्या व्यवस्थापकांना फोन करताना माझा आवाज कापू लागला आणि परतीच्या भाड्याचे विचारायचे राहून चालले होते. आपण काही बोलला नाहीत, फोनही हातातून घेतला नाहीत; फक्त कागदावरच्या त्या ओळीखाली नखाने रेघ ओढलीत आणि मी ती विचारेपर्यंत शेजारी बसून राहिलात. काकूंनी आणलेल्या आपल्या चहावर साय धरली होती. तो कप आपण हातातही घेतला नव्हता.

त्या एका प्रश्नाचे मोल जानेवारीत कळले. 2024 च्या जानेवारीत, ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मीरच्या सर्वांत कडक थंडीच्या चाळीस दिवसांत, गुलमर्गच्या उतारांवर बर्फाऐवजी वाळके गवत दिसत होते. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धासुद्धा पुढे ढकलून 21 फेब्रुवारीला सुरू कराव्या लागल्या. जास्त पगाराच्या त्या नोकरीवर गेलेल्या दोन मुलींना पर्यटक नाहीत म्हणून तिसऱ्याच आठवड्यात घरी जायला सांगितले, आणि तिकिटाचे पैसे त्यांनी घरून मागवले. आमच्याकडे खोल्या रिकाम्या असतानाही जेवण आणि पगार चालू राहिला, कारण ते बोलणे आपल्यासमोर फोनवरच झाले होते. महिनाअखेरीस बर्फ पडला, त्या पहाटे मी खिडकीची फट आणखी थोडी उघडून कितीतरी वेळ बघत उभी होते.

ओळख नसलेल्या मुलीचा प्रश्न आपला मानून तिच्याजवळ बसणारी माणसे आपल्या भागात अजून आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो. कागलच्या एका मुलीने परवा मला याच कामाबद्दल विचारले. तिला फोनवर सांगून भागणार नव्हते, म्हणून तिला घरीच बोलावले आहे आणि आपला कागद तिच्यासाठी उतरवून ठेवला आहे.

येत्या रविवारी आई-वडिलांसह आपल्या दर्शनाला येत आहे. काकूंसाठी तिकडचे अक्रोड आणले आहेत.

आपली नम्र,
राजारामपुरीची आपली पोर
कोल्हापूर