रंगाआधी भिंत वाळू द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
आपली गृहनिर्माण सोसायटी, रत्नागिरी

विषय : दिवाळीपूर्वी इमारतीला रंग देण्याच्या निर्णयाचा फेरविचार व्हावा, याबाबत

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या सभेत दिवाळीच्या आत इमारतीला आतून-बाहेरून रंग द्यायचं ठरलं. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण ठेकेदाराचं कोटेशन तिथेच पहिल्यांदा हातात आलं होतं. घरी येऊन ते नीट वाचलं आणि राहवेना. बाहेरून पुट्टी, प्रायमर आणि वॉटरप्रूफ ॲक्रिलिकचे, म्हणजे प्लास्टिकच्या रंगाचे, दोन हात. जिन्याला पुट्टीवर प्लास्टिक इमल्शन. पाच वर्षांची हमी. गच्ची, छज्जे आणि भेगा यांच्या दुरुस्तीचा मात्र त्यात एका ओळीचाही उल्लेख नाही.

माझा फ्लॅट पश्चिमेच्या कोपऱ्यावर आहे. चार वर्षांपूर्वी असाच दिवाळीच्या तोंडावर मी झोपायच्या खोलीला रंग देऊन घेतला होता. पुट्टी मारून भिंत काचेसारखी गुळगुळीत केली, त्यावर महागातलं इमल्शन. पाडव्याला आलेल्या प्रत्येकाने कौतुक केलं. पुढच्या आषाढात त्या भिंतीला तळहाताएवढे फुगे आले. एक बोटाने दाबला तर आतून चक्क पाणी आलं. श्रावणात कपाट पुढे ओढलं तर मागे छातीच्या उंचीपर्यंत काळी बुरशी. सासूबाई त्याच खोलीत झोपतात आणि त्यांना दमा आहे. त्या पावसाळ्यात दोनदा रात्री त्यांना वाफ देत बसावं लागलं. दमट, बुरशी धरलेल्या घरात दमा आणि श्वसनाचे इतर विकार बळावतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली याच विषयावर काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही सांगितलं आहे. पण मला ते आधी घरातच कळलं.

हे का झालं, ते शोधण्यात माझा बराच वेळ गेला. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, त्यामुळे रंगाच्या डब्यावरची जाहिरात वाचून समाधान होत नाही.

आपल्या इमारतीचे खांब आणि तुळया काँक्रीटच्या असल्या तरी मधल्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत. चिरा छिद्राछिद्रांचा. तो पाणी पितो आणि सावकाश सोडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेच्या भिंतीवर समुद्राकडची झड बसते. तुळई आणि चिरा जिथे मिळतात तिथल्या केसाएवढ्या भेगेतून, छज्जाच्या सांध्यातून पाणी आत जातं. पाऊस थांबला म्हणजे भिंत वाळली असं होत नाही. वरचं प्लास्टर कोरडं दिसतं, पोटात पाणी असतं. ते पुढचे कित्येक आठवडे वाफ होऊन बाहेर पडायला बघतं. अशा वेळी बाहेरून ॲक्रिलिकचा जाड पापुद्रा चढवला की त्याची मुख्य वाट बंद होते. मग ते आतल्या बाजूला येतं, येताना क्षार घेऊन येतं, लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) फुटतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. बुरशीला तर वाहतं पाणी लागतच नाही. भिंतीलगतच्या हवेत ऐंशी टक्क्यांच्या वर दमटपणा टिकून राहिला की तिला पुरतं. खायला धूळ आणि रंगातला सेंद्रिय चिकटा असतोच. आषाढ-श्रावणात आपल्याकडची हवा नव्वदीच्या घरात असते. बंद खोलीतल्या कपाटामागची थंड भिंत ही बुरशीची हक्काची जागा.

आता दिवाळीबद्दल. माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. नवरात्र संपलं की वडील चुना विरवायला घालत. कळीचा चुना पिंपात टाकून पाणी ओतलं की तो खदखदायचा, आम्हा मुलांना ओटीवरून खाली उतरायची बंदी असायची. तो दहा-बारा दिवस मुरवायचा, फडक्यातून गाळायचा, चिमूटभर नीळ घालायची आणि कुंच्याने भिंतीला द्यायचा. चुना देण्याआधी वडील भिंतीवर पाणी मारत. पावसाळ्याने आधीच ओली झालेली भिंत आणखी ओली कशाला करायची, हे मला तेव्हा कळत नसे. आता कळतं. चुन्याला ओल लागतेच. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, आणि त्यासाठी भिंतीत ओलावा हवा. शिवाय त्याचा पापुद्रा बनत नाही, त्यामुळे मागचं पाणी त्याच्यातून निघून जातं. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो (पीएच बाराच्या वर) की बुरशी त्यावर धरत नाही. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधी रंग द्यायची आपली रीत चुन्याची होती. आपण मुहूर्त तोच ठेवला आणि भिंतीला लावायची वस्तू बदलली. दमट भिंतीवर दिवाळीत चुना चालतो, प्लास्टिकचा रंग चालत नाही. या पत्रात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

चुन्याच्या उणिवाही सांगते. हवेशी संयोग होत जाईल तसा त्याचा अल्कधर्म उतरतो आणि बुरशीला रोखायची ताकद कमी होते. थेट झड बसणाऱ्या भिंतीवर तो दर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. नीट मुरला नसेल किंवा जाड दिला असेल तर कपड्यांना लागतो. दुधाएवढा पातळ करून तीन-चार हात द्यावे लागतात, आणि हल्लीच्या कारागिरांना तेवढा धीर नसतो. आणि डोळ्यांत गेला तर फार वाईट. काम करणाऱ्यांना चष्मे आणि हातमोजे सोसायटीने दिलेच पाहिजेत.

सभेत एका सदस्यांनी ‘नैसर्गिक रंग घेऊ या’ असं सुचवलं. भावना चांगली आहे, पण नैसर्गिक म्हटलेला प्रत्येक रंग आपल्या हवेत टिकेलच असं नाही. जवसाच्या तेलाचा रंग नैसर्गिक आहे, दुधातल्या केसीन या प्रथिनाचा रंग नैसर्गिक आहे, खळ किंवा डिंक घालून केलेलं डिस्टेंपरही तसंच. यातला चिकटा म्हणजे बुरशीचं अन्न. कोरड्या हवेत हे रंग सुरेख राहतात. रत्नागिरीत ओल्या भिंतीला ते देणं म्हणजे बुरशीला पान वाढणं. आपल्याला चालतील ते खनिज रंग, म्हणजे ज्यांत बुरशीला खायला जवळजवळ काहीच नसतं.

खादी ग्रामोद्योग आयोगाच्या शेणापासून केलेल्या रंगाचाही विषय निघाला होता. तो १२ जानेवारी २०२१ रोजी बाजारात आला. जयपूरच्या कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थेने तो तयार केला आहे, आणि सुरुवातीला डिस्टेंपर १२० रुपये लिटर, इमल्शन २२५ रुपये लिटर असा भाव होता. तो बुरशीरोधक असल्याचं उत्पादक सांगतात. कोरड्या आतल्या भिंतींसाठी जरूर विचार करावा, मला आनंदच होईल. पण कुठलाही बुरशीरोधक रंग स्वतःच्या थरापुरतं काम करतो. मागून येणारं पाणी तो थांबवत नाही. पश्चिमेच्या भिंतीसाठी तो उपाय धरू नये.

पश्चिमेच्या भिंतीला माझ्या मते सिलिकेट रंग द्यावा. हा काही नवा शोध नाही. जर्मनीत ॲडॉल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ साली त्याचं पेटंट घेतलं. पोटॅशियम सिलिकेट हा त्याचा बांधणारा घटक. प्लास्टरवर पापुद्रा धरण्याऐवजी तो प्लास्टरशी रासायनिक संयोग करून त्याचाच भाग होतो, वाफ अडवत नाही, आणि उन्हापावसात चुन्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. अडचणी दोन. आपल्या बाजारात तो सहज मिळत नाही, मागवावा लागतो आणि महाग पडतो. आणि जुन्या ॲक्रिलिकवर तो बसत नाही, भिंत प्लास्टरपर्यंत खरवडावी लागते. पण पश्चिमेचा निम्मा रंग आधीच पोपडे होऊन खाली पार्किंगमध्ये पडला आहे. तिथे खरवडण्याचं काम कसंही करावंच लागणार. उरलेल्या तिन्ही बाजूंचा रंग शाबूत आहे. तो उगाच खरवडायची गरज नाही, त्या बाजूंना पुढच्या वेळी नेहमीचंच बाह्य इमल्शन द्यावं. सगळ्या इमारतीला एकच औषध लावलं पाहिजे असं मुळीच नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. दिवाळीसाठी फक्त जिना, मीटर रूम आणि पार्किंग घ्यावं. तिथल्या भिंतींना अजून प्लास्टिकचा हात लागलेला नाही, जुनं डिस्टेंपर धुऊन खरवडलं की चुना छान बसेल आणि खर्चही हलका होईल. बाहेरचं काम फेब्रुवारी-मार्चवर न्यावं. त्याआधी गच्चीच्या कोब्याच्या भेगा, पॅरापेटचे वाटे (कठडा आणि गच्ची मिळतात तिथला गोलसर गिलावा), छज्जांचे सांधे आणि पूर्वेच्या डक्टमधला गळका पाइप दुरुस्त करून घ्यावा. रंगासाठी मंजूर केलेल्या पैशांतला पहिला रुपया इथे जायला हवा. आतल्या भिंतींवर जिथे बुरशी आहे तिथे कोरडा ब्रश मारू देऊ नये, त्याने बीजाणू घरभर उडतात. आधी ओलं करून, नाकावर मास्क लावून पुसावं, वाळू द्यावं, मगच पुढे जावं. ब्लीच वापरणार असतील तर त्यात टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

आणखी एक. जिन्याच्या ग्रिलचा जुना ऑइलपेंट घासताना काळजी हवी. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त असू नये हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपल्या ग्रिलचा रंग त्याच्या आधीचा आहे. ती पाणी लावून घासावीत, धूळ गोळा करावी आणि त्या दिवशी मुलांना जिन्यात खेळू देऊ नये.

भिंत अजून ओली आहे की नाही, यावर सभेत वाद झाला तर एक सोपी परीक्षा आहे. हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवायचा आणि एक दिवस तसाच ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ते हवेतल्या दमटपणाचं. परवा मी माझ्या खोलीत तुकडा लावला होता. काल सकाळी काढला तेव्हा भिंतीकडची बाजू अशी ओली होती की टेप आपोआप सुटली. ऑक्टोबरचं ऊन लागायला लागून आठवडा झालाय.

समितीला खात्री वाटावी म्हणून पार्किंगच्या मागच्या भिंतीवर चार फूट बाय चार फुटांचा नमुना मी स्वखर्चाने करून देते. अर्ध्या भागाला चुना, अर्ध्याला ठेकेदाराने सुचवलेली पुट्टी आणि इमल्शन. चुना मी कालच विरवायला घातला आहे, दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी तो देण्याजोगा होईल. त्या दिवशी आठ वाजता समितीतल्या कोणीतरी खाली यावं आणि मीटर रूमची चावी आणावी, एवढीच अपेक्षा आहे.

आपली विश्वासू,
सभासद, फ्लॅट क्र. ३०३