सर, त्या पेन्सिलीच्या खुणांसाठी थँक्यू

नमस्कार सर,

तुमचं नाव इथे टाकत नाही, टाकलं तर तुम्ही चिडाल आणि पुढच्या वेळी चहा पाजणार नाही. पण लिहिल्याशिवाय चैनही पडत नाहीये. परवा प्रमोशनचं पत्र हातात आलं, घरी पेढ्यांची गडबड चाललेली आणि मी आपली ड्रॉवरमधला तुमचा तो चुरगळलेला प्रिंटआउट काढून बसलेले.

बाकीच्यांना कळावं म्हणून सांगते. मी मूळची केमिस्ट्रीवाली, काम मेंदूवर. केसापेक्षा बारीक कार्बनचे इलेक्ट्रोड बनवून डोपामीन (मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन) मोजायचं. त्यात लफडं असं की मेंदूत व्हिटॅमिन सी भरपूर असतं आणि तेही जवळपास त्याच व्होल्टेजला सिग्नल देतं, म्हणजे डोपामीन शोधायला जावं आणि हाती लिंबूसरबत यावं. माझी पीएचडी ह्या दोघांना वेगळं करण्यात गेली. आणि नंतरची दोन वर्षं माझ्याच नावाच्या दोन बायांना एक करण्यात!

लग्नाआधीचे पेपर एस. व्ही. जाधव, नंतरचे एस. एम. पाटील. कुणाचे किती पेपर ते मोजणाऱ्या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरला ह्या दोन वेगळ्या बाया. एकीचा एच-इंडेक्स ७, दुसरीचा ६. (७ म्हणजे किमान ७ पेपर असे, की प्रत्येकाला किमान ७ सायटेशन्स, म्हणजे दुसऱ्या पेपरांतले उल्लेख, आहेत.) २००५ साली हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने काढलेलं हे गणित, आणि एका आकड्यात आख्खा माणूस मावत नाही हे त्याने त्याच पेपरात कबूल केलंय. आमच्या प्रमोशनच्या कमिटीला तेवढं वाचायला कुठला वेळ. त्यांनी दुसऱ्या बाईचं पान उघडलं, ६ बघितला आणि म्हणाले, मॅडम, आधीचं काही दिसत नाही. एकाने तर हे नक्की केमिस्ट्री का बायोलॉजी असंही विचारलं. ऑफिसात मॅरेज सर्टिफिकेट दिलं, मग गॅझेटची कॉपी, मग ती अटेस्ट करून, मग परत मॅरेज सर्टिफिकेट. 'मॅडम, दोन्ही तुम्हीच कशावरून?' हे वाक्य मी चार टेबलांवर ऐकलंय सर. चौथ्या टेबलानंतर मी बाथरूममध्ये जाऊन रडले, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

तुमच्या कॉलेजशी माझा काही संबंध नव्हता, मैत्रिणीने नुसतं 'जाऊन तर बघ' म्हटलं म्हणून आले. तुम्ही पुरावा मागितला नाही. दोन्ही पानांची यादी छापली, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणालात, चला, एकेक बघू. २३ पेपर. प्रत्येकाचं शीर्षक मोठ्याने वाचत होतात, डोपामीनचा उच्चार दोनदा चुकला तर मलाच विचारलात. मधेच ज्वारीच्या खोडमाशीवरचा पेपर निघाला, कुणा दुसऱ्या एस. पाटलांचा, आणि सायटेशन्स माझ्या कुठल्याही पेपरापेक्षा जास्त! मी गंमतीत म्हटलं राहू द्या की तो. तुम्ही हसलात, पण फुली मारलीत. त्या माणसाचेही हाल होत असतील ना, म्हणालात. हे मला कुठेतरी लागलं, कारण दोन वर्षांत मी एकदाही त्याचा विचार केला नव्हता.

बाकी फॉर्म, मेल, ते ऑर्किडचं (ORCID, संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) खातं, सगळं तुम्ही केलंत, त्यात मी शिरत नाही. पण सगळं झाल्यावर तुम्ही पेन्सिल खाली ठेवून विचारलंत, "मॅडम, मुख्य नाव कुठलं ठेवू? तुम्हाला कुठलं आवडेल?"

सर, हे मला कोणीही विचारलं नव्हतं. पासपोर्ट, बँक, पगार, सगळीकडे सांगितलं गेलं. त्या व्ही मधले माझे वडील पहिला पेपर छापून यायच्या आधी गेले, लग्नानंतर तो व्हीही कागदावरून गेला. मी गप्प झाले तर तुम्ही घाई केली नाही, चहा सांगितलात, आणि मी 'एस. व्ही.' म्हटल्यावर काही न बोलता यादीच्या वर तेच लिहिलंत, छान वळणदार अक्षरात.

चहा पिताना मी तुम्हाला लॉरींची गोष्ट सांगितली होती, आठवतं? ऑलिव्हर लॉरी, सेंट लुईसचा बायोकेमिस्ट, मेंदूच्या एकेका पेशीतलं रसायन मोजणारा माणूस. पण ३ लाखांच्या वर सायटेशन्स मिळाली ती १९५१ च्या प्रोटीन मोजायच्या पद्धतीला. तुम्ही म्हणालात, म्हणजे लोक वजनकाट्याचेच आभार मानतात. तुमचा पगार त्या कमिटीतल्या कुणापेक्षाही कमीच असणार, पण ज्याला जे हवंय ते आधी विचारावं एवढी साधी माणुसकी तुमच्याकडे आहे, आणि ती असलेली माणसं कुठल्याच यादीत वर येत नाहीत.

आता एकत्र एच-इंडेक्स ११ आहे. कमिटीतले तेच साहेब परवा म्हणाले, अरे वा, बरीच प्रगती केलीत एका वर्षात! मी हो म्हटलं.

आणि हो, तो खोडमाशीचा पेपर गेल्या आठवड्यात परत माझ्या नावावर आलाय. सोमवारी अकराच्या सुमारास येऊ का? पेढे आणते.

तुमची,
एस. व्ही.